घरखर्चाला हातभार: ठाणे-नवी मुंबईतील कुटुंबांनी जादा कमाई कशी उभी करावी

जादा कमाईचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ‘कोणता धंदा करावा’ हा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. घरात कोणाचे, कोणत्या वेळेचे आणि किती तास खरोखर मोकळे आहेत, आणि त्या तासांत घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर कोणाला कशाची गरज आहे, हे आधी ठरवावे लागते. ठाण्याच्या लोकमान्यनगर भागातील आमच्या बचत गटाचे हिशेब मी गेली अनेक वर्षे लिहिते आहे. त्या वह्यांत टिकलेले जोडधंदेही आहेत आणि दोन-तीन महिन्यांत बंद पडलेलेही आहेत. टिकलेल्या जोडधंद्यांत गिऱ्हाईक जवळचे होते, सुरुवातीची रक्कम लहान होती आणि काम करणाऱ्या माणसाने आपल्या तासाची किंमत मोजलेली होती. या लेखातील बहुतेक सूचना त्या वह्यांतूनच आलेल्या आहेत.

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्या कुटुंबाला एक सोय आहे, तिचा आपण पुरेसा विचार करत नाही. किसननगर, कळवा, दिघा किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीतून निघाले की थोड्याच वेळात अशा इमारती लागतात, जिथे नवरा-बायको दोघेही सकाळी आठच्या आत बाहेर पडतात आणि रात्री आठनंतर परततात. घोडबंदर रस्त्यावरची संकुले, वसंत विहार, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे येथे अशी हजारो घरे आहेत. त्या घरांना ताज्या पोळ्या, निवडलेली पालेभाजी, मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घेणारे माणूस, आजारी सासऱ्यांजवळ दुपारभर बसणारे माणूस हवे असते. त्यामुळे रोज लोकलने दादर-भायखळ्यापर्यंत जाऊन-येऊन अडीच-तीन तास घालवण्याआधी आपल्या वस्तीच्या चारही बाजूंना एकदा पायी फिरून यावे, हे माझे पहिले सांगणे आहे.

तासांची वही

एक साधी शंभर पानी वही घ्यावी आणि आठवडाभर घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचा दिवस तीत लिहावा. नळाला पाणी येण्याची वेळ, रेशन दुकानाची रांग, मुलांना शाळेत सोडणे-आणणे, कामावर जाण्यायेण्याचा वेळ, हे सारे त्यात यायला हवे. अनेक वस्त्यांत पाणी ठरलेल्या तासालाच येते आणि त्या वेळी कोणीतरी घरी असावेच लागते, हे लक्षात न घेता पत्करलेली कामे महिनाभरात सोडावी लागलेली मी पाहिली आहेत. आठवड्यानंतर रोजचे सलग दोन तास कोणाकडे आहेत ते दिसते. तुटक तुटक वीस मिनिटे मोकळी असणारी बाई लसूण सोलण्याचे किंवा फॉल लावण्याचे काम करू शकते. दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाण्यासाठी मात्र सलग वेळच लागतो.

त्यानंतर कोणत्याही कामाला एकच कसोटी लावावी. हातात आलेल्या पैशांतून सारा खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेला सगळ्या तासांनी भागावे. सगळे तास म्हणजे सामान आणण्याचे, वाट पाहण्याचे, पोचवण्याचे आणि भांडी घासण्याचेही. उदाहरणासाठी दोन कामे शेजारी ठेवून पाहू. समजा, घरातला मुलगा दुचाकीवरून घरपोच सामान पोचवण्याचे काम सात तास करतो आणि दिवसाला ७०० रुपये मिळवतो. तो ८० किलोमीटर फिरला, गाडी लिटरला ४५ किलोमीटर धावली आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर पेट्रोलचे १८७ रुपये झाले. टायर, तेल आणि दुरुस्तीसाठी किलोमीटरमागे किमान १ रुपया बाजूला ठेवायलाच हवा, म्हणजे आणखी ८० रुपये गेले. उरले ४३३, अर्थात तासाला सुमारे ६२ रुपये. आता त्याची आई जवळच्या संकुलात दोन घरी पोळी-भाजी करते आणि तिला दोन्ही मिळून महिन्याला ५,६०० रुपये मिळतात असे धरू. जाण्यायेण्यासह रोज अडीच तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर ते ६५ तास होतात आणि तासाला ८६ रुपये पडतात. दिवसाचे ७०० रुपये डोळ्यांत भरतात, म्हणून घरात मुलाच्या कामाला मान मिळतो आणि आईचे काम ‘थोडेसे’ समजले जाते. वहीत आकडे मांडले की हा गैरसमज दूर होतो. दर आपापल्या भागाप्रमाणे निराळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच ठेवावी.

दुचाकीवरच्या कामाबद्दल इतकेच जोडते की, ते करायचेच असेल तर गाडी त्यासाठी हप्त्याने विकत घेऊ नये. घरात असलेल्या गाडीवर दोन महिने करून पाहावे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये भरून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा अपघाती विमा आधी घ्यावा. पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावरून रात्री गाडी चालवणाऱ्यांच्या घरी काय धाकधूक असते, ते मला जवळून ठाऊक आहे.

स्वयंपाकघरातून कमाई

आमच्या गटात सर्वांत जास्त चाललेले आणि सर्वांत जास्त चुकलेले कामही हेच. चव हाताला असते, पण भाव ठरवणे शिकावे लागते. म्हणून एखाद्या पदार्थाची पहिली खेप विकण्यासाठी करूच नये, मोजण्यासाठी करावी. चकलीचे उदाहरण घेतले, तर एक किलो भाजणी, मोहनाचे आणि तळणीचे तेल, तीळ, तिखट यांची किंमत लिहावी, तळण्याआधी आणि नंतर कढईतले तेल मोजावे, तयार चकल्यांचे वजन करावे आणि घाणा सुरू केल्यापासून डबा भरेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून पाहावा. तुटलेल्या चकल्या विक्रीच्या वजनातून वगळाव्यात. एवढे केल्यावरच किलोचा भाव सांगावा. शेजारणीच्या भावापेक्षा वीस रुपये कमी, एवढ्याच आधारावर भाव ठरवला तर शेजारणीची चूक आपल्याही घरी येते.

कमी भांडवलात आणि गॅसशिवाय सुरू होणारे काम म्हणून मोड आलेली कडधान्ये मला फार उपयोगी वाटतात. एक किलो मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणली की वजन सुमारे दुप्पट होते. मटकी १३० रुपये किलो धरली, तिच्यातून २०० ग्रॅमची १० पाकिटे झाली आणि प्रत्येक २५ रुपयांना गेले, तर २५० रुपये आले. मटकीचे १३० आणि पिशव्यांचे १० रुपये वजा करून ११० उरतात आणि भिजवण्यापासून पोचवण्यापर्यंत हाताचा वेळ सव्वा तास लागला तर तासाला ८८ रुपये पडतात. पण तीन पाकिटे उरली की ७५ रुपये बुडतात आणि तासाची कमाई २८ रुपयांवर येते. नाशवंत मालाचा बहुतेक नफा शेवटच्या काही पाकिटांत असतो. म्हणून आदल्या दिवशी इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर किंवा फोनवर मागणी घ्यावी आणि तेवढेच भिजत घालावे. पावसाळ्यात मोडांना लवकर वास येतो. त्या दिवसांत फडके रोज उकळत्या पाण्यात धुवावे आणि माल दुपारपर्यंत पोचवून मोकळे व्हावे. याच गिऱ्हाइकांना पुढे सोललेला लसूण, निवडलेली मेथी, सोललेल्या वालांच्या डाळिंब्या देता येतात. वालांना मेहनत खूप आहे, पण ठाण्यातील ज्या घरांत बिरड्याची आवड आहे आणि सोलायला माणूस नाही, ती घरे चांगला भाव देतात.

दुसरे भरवशाचे काम उन्हाळ्याच्या मसाल्याचे आहे. मार्च ते मे या काळात मिरची वाळते, कुरडया-पापड होतात आणि डंकावर रांगा लागतात. ज्यांना आगरी-कोळी पद्धतीचा किंवा मालवणी मसाला चांगला जमतो, त्यांना ठाणे-नवी मुंबईत गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. येथे सर्वांत मोठी बचत खरेदीत होते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे निरनिराळे बाजार आहेत. पाच-सहा घरांनी मिळून मसाला बाजारातून मिरची आणि गरम मसाले घेतले तर गल्लीतल्या दुकानापेक्षा स्पष्ट फरक पडतो. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी आणि तिखटपणासाठी लवंगी, असे प्रमाण प्रत्येकीचे निराळे असते. ते कागदावर लिहून ठेवावे, कारण गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तीच चव मागते. मिरचीचे देठ काढल्यावर आणि ती कडकडीत वाळल्यावर वजन घटते, त्यामुळे भाव आणलेल्या मिरचीवर न काढता तयार मसाल्याच्या वजनावर काढावा. कांडपाची मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडेही त्यात धरावे. बरणीत वरच्या थराला हिंगाचा खडा ठेवण्याची जुनी रीत विकायच्या मसाल्यालाही पाळावी.

सणांच्या ऑर्डरी घेताना माणसाचे भान सुटते. गणपतीत उकडीचे मोदक, होळीला पुरणपोळ्या, दिवाळीत फराळ, संक्रांतीला तिळाचे लाडू, या प्रत्येक वेळी मागणी दोन-चार दिवसांत एकवटते. घरातील दोन हातांनी चतुर्थीच्या सकाळी ताजे किती मोदक होतील, हे आधी आकड्यात ठरवावे आणि तो आकडा गाठला की नम्रपणे नाही म्हणावे. कबूल केलेले न दिल्याने गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही. फराळाच्या ऑर्डरीचे निम्मे पैसे आधी घ्यावेत. त्यातून तेल, डाळ, साखर येते आणि उसनवारी करावी लागत नाही.

पैसे वेळेवर घेण्याबद्दल आमचा एक कडू अनुभव सांगते. एका कार्यालयाने आमच्या गटाला रोज ३० डबे सांगितले आणि पैसे महिनाअखेरीस देऊ असे कबूल केले. पहिल्या महिन्याचे पैसे उशिराने आले, दुसऱ्या महिन्यात ‘पुढच्या आठवड्यात’ असे होत राहिले आणि मग एका सोमवारी डबे नको असल्याचा निरोप आला. सुमारे पाच आठवड्यांची रक्कम आम्हाला कधीच मिळाली नाही. आमच्यातल्या दोन बायकांनी किराणा उधारीवर आणलेला होता आणि ती उधारी फेडायला त्यांना वर्ष लागले. त्यानंतर आम्ही नियम केला की, डब्याचे पैसे दर शनिवारी घ्यायचे आणि एका आठवड्याचे थकले की सोमवारपासून डबा थांबवायचा. नाराज झालेली माणसे थोडी होती. बहुतेकांनी नियम लगेच मान्य केला.

खाद्यपदार्थ घरातून विकले तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असणाऱ्या लहान व्यावसायिकाला मोठ्या परवान्याची गरज नसते. साध्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि तिचा १४ अंकी क्रमांक मिळतो. अर्ज भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर करता येतो. स्वतः जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला बसवावे, कारण याच कामाचे दलाल दीड-दोन हजार रुपये मागतात. पाकिटावर पदार्थाचे नाव, वजन, तयार केल्याची तारीख आणि तो क्रमांक असला की दुकानदारही माल ठेवायला तयार होतो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट गॅसची आहे. घरगुती १४.२ किलोंचा सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही. काम रोजचे झाले की १९ किलोंचा व्यावसायिक सिलिंडर किंवा बाजारभावाने मिळणारा ५ किलोंचा छोटा सिलिंडर घ्यावा आणि त्याचाच खर्च हिशेबात धरावा. घरगुती सिलिंडरच्या भावावर काढलेला नफा खरा नसतो.

इतरांच्या घरांना लागणारी कामे

दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईने कामाला लागण्याआधी पाच गोष्टी बोलून घ्याव्यात: किती माणसांचा स्वयंपाक, किती पदार्थ, महिन्याच्या किती सुट्ट्या, पाहुणे आले तर वेगळे पैसे आणि दिवाळीचा बोनस. नंतर बोललेले भांडणासारखे वाटते. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ सालच्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराने कामगार विभागाच्या कार्यालयात नोंदणी करावी. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणीही मोफत आहे.

घरी थोडी मोकळी जागा आणि शांत स्वभाव असेल तर पाळणाघराचा विचार जरूर करावा. ऐरोली-महापे पट्ट्यातील कंपन्यांत पाळीने काम करणाऱ्या आईवडिलांना ओळखीचे, जवळचे आणि वेळेला लवचीक पाळणाघर हवे असते. सुरुवात दोन मुलांनी करावी आणि चारच्या पुढे एकटीने जाऊ नये. मुलाला कशाची अॅलर्जी आहे, कोणाच्या ताब्यात द्यायचे, आईवडिलांचा फोन लागला नाही तर कोणाला कळवायचे, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. ठरल्या वेळेनंतर मूल राहिले तर अर्ध्या तासाचे किती, तेही आधी सांगावे. खिडकीला जाळी, गॅसपाशी जाता येणार नाही अशी आडोशाची फळी आणि पाण्याच्या पिंपाला घट्ट झाकण, या तीन गोष्टींशिवाय एकही मूल घेऊ नये. येथे मी काटकसर सुचवणार नाही.

बाळ-बाळंतिणीची मालीश आणि शेक ही विद्या ज्या घरात आजीकडून आली आहे, तिची किंमत शहरात मोठी आहे. ठाण्याच्या नव्या संकुलांत माहेर दूर असलेल्या मुली अशा मावशीच्या शोधात असतात आणि एका घरातून पुढच्या चार घरी नाव जाते. रुग्णाजवळ बसण्याचे काम मात्र अनेकदा माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत मिळते. तेथे ब्यूरो रुग्णाच्या घरच्यांकडून किती घेतो आणि आपल्या हातात किती देतो, बारा तासांत जेवण कोणाचे, हे स्पष्ट विचारावे.

बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीला पहिली ते पाचवीच्या मुलांची शिकवणी घेता येते. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावेत, एका वेळी सहा-सातपेक्षा जास्त मुले बसवू नयेत आणि परीक्षेच्या आधी स्वतःचा अभ्यास सांभाळूनच जादा तास द्यावेत.

शिवणकामाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती बहुतेक घरांत असते. नवे मशीन घेण्याआधी जुने वापरलेले घ्यावे आणि फॉल-पिको, चेन बदलणे, कपडे उसवून बेतात आणणे यांपासून सुरुवात करावी. जूनमध्ये शाळा उघडताना गणवेशाची आणि लग्नसराईत ब्लाउजची कामे आपोआप येतात. आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्या शिंप्याला, तसेच चर्मकार, परीट, फुलांचे हार करणारे, न्हावी, टोपल्या विणणारे, गवंडी अशा एकूण १८ व्यवसायांतील कारागिरांना १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी करता येते. तीत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज अशी तरतूद आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, म्हणून नाव कोणाचे द्यायचे ते घरात आधी ठरवावे.

रस्त्यावरची विक्री

ठाण्यात जांभळी नाका आणि नवी मुंबईत वाशीचा बाजार जवळ असल्याने भाजी, फळे आणि फुले आणून विकणे सोपे वाटते. प्रत्यक्षात हे पहाटे उठण्याचे आणि उरलेल्या मालाचे नुकसान सोसण्याचे काम आहे. म्हणून प्रथम सणाच्या दिवसांपुरते करून पाहावे. मार्गशीर्षातील गुरुवारी पाच फळे, पाच प्रकारच्या डहाळ्या आणि वेणी यांचा एकत्र संच, दसऱ्याला झेंडूची तोरणे आणि आपट्याची पाने, गुढीपाडव्याला कडुनिंब आणि साखरेच्या गाठी, हरतालिका-गणपतीला पत्री आणि दुर्वा, असा माल ठरलेल्या दिवशी खात्रीने लागतो. पण दसऱ्याच्या दुपारनंतर झेंडूला भाव राहत नाही. त्यामुळे आणलेल्या मालाचा एक तृतीयांश उरेल असे धरूनही पैसे सुटत असतील तरच खरेदी करावी.

कायम विक्री करायची असेल तर महापालिकेकडे फेरीवाला म्हणून नोंद असणे महत्त्वाचे आहे. २०१४ सालच्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण आणि विक्री प्रमाणपत्राची तरतूद केली आहे. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र किंवा महापालिकेचे शिफारसपत्र आहे, त्यांना पीएम स्वनिधी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळते. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेतील रकमा २०२५ मध्ये वाढवण्यात आल्या; आता पहिला टप्पा १५,००० रुपयांपर्यंत, तो वेळेवर फेडल्यावर दुसरा २५,००० रुपयांपर्यंत आणि तिसरा ५०,००० रुपयांपर्यंत आहे. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्क्यांची सवलत मिळते. कागद हाती नसताना रस्त्यावर मोठा माल मांडू नये, कारण एका कारवाईत महिन्याची कमाई जाऊ शकते. क्यूआर कोडवर पैसे घेताना गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचे चित्र पाहून माल देऊ नये. आपल्या फोनवर रक्कम जमा झाल्याचे पाहावे.

शनिवार-रविवारी लग्नाच्या हॉलमध्ये केटररकडे वाढपी म्हणून जाणे, हे अठरा वर्षांवरील मुलांसाठी सरळ काम आहे. रक्कम आधी ठरवावी, त्याच रात्री घ्यावी आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहूनच काम स्वीकारावे.

ज्या कामांपासून दूर राहावे

काम देण्यासाठी जो आपल्याकडून पैसे मागतो, तो काम देत नाही. ‘घरबसल्या पेन भरा’, ‘टायपिंग करा’, ‘व्हिडिओला लाइक करा’ अशा जाहिरातींत आधी नोंदणी शुल्क, मग साहित्याची अनामत, मग ‘तुमच्या कामात चुका आहेत’ म्हणून दंड, असा क्रम असतो. लाइक करण्याच्या कामात पहिले शंभर-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. विश्वास बसल्यावर मोठी रक्कम भरायला लावतात आणि ती परत येत नाही. असे घडलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

याहून धोक्याची गोष्ट बँक खाते भाड्याने देण्याची आहे. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, काढून द्या, दोन टक्के तुमचे’ असे सांगणारा माणूस फसवणुकीचा पैसा फिरवत असतो आणि पोलिस ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या दारात येतात. कॉलेजच्या मुलांना यात ओढले जाते. घरातल्या मुलांशी या विषयावर आजच बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरी आणून करायची मजुरीची कामे, म्हणजे इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवणे, राख्या बांधणे, पाकिटे भरणे, ही खरी असतात, पण दर फार कमी असतो. एक डझन करायला किती वेळ लागतो ते पाहून तासाचा दर काढावा. वीस-पंचवीस रुपयांच्या खाली येत असेल तर मान आणि डोळे झिजवण्यापेक्षा तोच वेळ वर सांगितलेल्या कामाला द्यावा. दिलेल्या आणि घेतलेल्या मालाची नोंद दोघांच्या सहीने ठेवावी. आणि या कामाला मुलांना बसवू नये. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावणे कायद्याने बंद आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात थोडी मदत करण्याची मुभा कायदा देतो, पण उद्याची परीक्षा असलेल्या मुलीने रात्री अकरापर्यंत मणी ओवावेत, असा तिचा अर्थ मुळीच नाही.

भांडवल आणि मिळालेला पैसा

पहिल्या खेपेचे भांडवल शक्यतो घरातूनच उभे करावे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये ज्यांच्या खात्यात येतात, त्यांनी त्यातून पाच-सहाशे रुपयांची पहिली मटकी किंवा भाजणी घ्यावी आणि तेवढ्याच रकमेच्या खेळत्या पैशावर दोन महिने चालवून पाहावे. त्यापुढे बचत गटाचे अंतर्गत कर्ज हा सर्वांत चांगला मार्ग आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशेब ही गटाची पंचसूत्री ज्या गटात पाळली जाते, तेथे बँकही दारात उभी राहते. महापालिकेच्या समाजविकास विभागात गटांची माहिती मिळते. मशीन किंवा फ्रीजसारखी वस्तू घ्यायचीच असेल तर बँकेकडे मुद्रा योजनेतील ‘शिशु’ कर्ज मागावे. ते ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळते. उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर मोफत होते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

रोजच्या वसुलीचे कर्ज किती महाग पडते, ते एकदा नीट पाहावे. हातात ९,००० रुपये मिळतात आणि शंभर दिवस रोज १०० रुपये भरायचे असतात. वरवर पाहता हजार रुपयेच जास्त वाटतात. पण पहिल्या दिवसापासून परतफेड सुरू झाल्याने सरासरी ४,५०० रुपयेच आपल्याला वापरायला मिळतात आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये व्याज जाते. वर्षाच्या हिशेबाने हा दर ८० टक्क्यांच्या घरात जातो. ‘महिन्याला तीन रुपये शेकडा’ सांगणाऱ्याचा दरही वर्षाला ३६ टक्के असतो. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अनेक अॅप तर फोनमधील सगळ्या ओळखीच्यांना धमकावतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आलेला पैसा घरखर्चाच्या डब्यात मिसळू देऊ नये. गटात आम्ही तीन पाकिटांची पद्धत ठेवली आहे: पहिल्या पाकिटात पुढच्या खेपेच्या मालाचे पैसे, दुसऱ्यात उधारी किंवा कर्जाचा हप्ता आणि तिसऱ्यात जे उरेल ते घराचे. तिसऱ्या पाकिटातून पोस्टात महिन्याला १०० रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. पहिल्या पाकिटाला हात लावायची वेळ आली, तर तसे वहीत लिहावे आणि पुढच्या विक्रीतून ते आधी भरावे. जोडधंदे बहुतेक वेळा गिऱ्हाईक नसल्याने बंद पडत नाहीत; मालाचे पैसे शाळेच्या फीला किंवा औषधाला गेल्याने बंद पडतात.

काम वाढले की घरातील कामांची वाटणीही बदलावी लागते. पहाटे चारला उठून पोळ्या करणाऱ्या बाईने रात्री साऱ्यांची भांडीही घासायची, असे चालले तर तिचे आजारपण त्या कमाईतून वजा होते. पाणी भरणे, बाजारहाट आणि डबे पोचवणे नवऱ्याने आणि मुलांनी उचलावे. आमच्या गटात ज्या घरांनी असे केले, त्यांचे काम तीन-चार वर्षे टिकले आहे.

शेवटची गोष्ट भाव वाढवण्याची, कारण येथे आपण सारेच संकोचतो. तेल, डाळ, गॅस वाढत जातात आणि आपला डबा दोन वर्षे त्याच भावात राहतो. दर सहा महिन्यांनी वही काढून तासाचा दर पुन्हा काढावा. तो घसरला असेल तर महिना सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी गिऱ्हाइकाला सांगावे: ‘ताई, पुढच्या एक तारखेपासून पोळीमागे एक रुपया वाढवते आहे, कणीक आणि गॅस दोन्ही वाढले आहेत.’ कारण खरे असावे, आवाज नम्र असावा आणि एकदा सांगितल्यावर एकाला जुना, एकाला नवा असे दोन भाव ठेवू नयेत, कारण त्याच इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये एकमेकींना भेटतात.